‘जाळण्यासाठी’ लिहिलेली पुडी

त्या शाळेने आमची खोकी परत पाठवली असती तर मला एवढा राग आला नसता. मोडली असती, हरवली असती, तरी चाललं असतं. त्यांनी ती जपली. अजून जपताहेत. चाळीसच्या चाळीस खोकी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात आहेत, आणि बटण दाबलं की चाळीसही दिवे लागतात. राग त्याचाच आहे.

खोकं म्हणजे आमचा धंदा. मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं खोकं. आत एक मोटर, एक बझर, बटणं, नऊ व्होल्टची बॅटरी, टोकांना चिमटे लावलेल्या वायरी आणि एलईडी, म्हणजे ते बारके रंगीत दिवे. काहीही कशालाही जोडायचं, पटलं नाही तर काढायचं. शिवाय एक वेगळी पुडी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं: जाळण्यासाठी. तिच्यात दहा एलईडी. हे वाया घालवायचेच आहेत. उलटे लावा, थेट बॅटरीवर टेकवा, काय होतं ते बघा.

ही पुडी काही माझ्या डोक्यातून निघाली नाही. तिकडे नांदेडकडे, आमच्या तालुक्याच्या गावी, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले एक काका होते. शाळेतून मी थेट त्यांच्या दुकानात. बिस्किटाच्या डब्यात भंगार पार्ट द्यायचे आणि म्हणायचे, “जाळ बिनधास्त. मेलेलेच आहेत, तुला पाप नाही लागायचं.” शाळेतल्या प्रयोगशाळेला मात्र कायम कुलूप. तपासणीला साहेब येणार असले की उघडायची, फिनेल मारायचं, पुन्हा बंद. आतले मीटर मी खिडकीच्या जाळीतूनच बघितले. नववीत असताना वडील गेले. नववी कशीबशी झाली आणि शाळा तिथेच थांबली. मामाने डोंबिवलीला आणलं आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायला बसवलं.

पुढचं सगळं ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका बाईंमुळे. निवृत्त शिक्षिका. त्यांचा रेडिओ दुरुस्त करून द्यायला गेलेलो, तर हॉलमध्ये शिकवणीची सात-आठ मुलं. बाई म्हणाल्या, “आता पुन्हा उघड आणि आत काय काय आहे ते यांना दाखवूनच जा.” मग दर शनिवारी जात राहिलो. पहिलं खोकं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तयार झालं. शाळांना द्यायची पत्रं अजून त्याच लिहून देतात. मराठीत मी रेटतो, इंग्रजीत मला घाम फुटतो. आज कोलशेतला छोटासा गाळा आहे, चार बायका खोकी भरतात, चौघींची घरं त्यावर चालतात. आणि तरी मला आजही वाटतं, एक दिवस कुणीतरी येईल, ‘तुला कुणी सांगितलं रे हे करायला?’ म्हणेल आणि सगळं उचलून नेईल. ही भीती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा मूर्खपणा तिच्यापायी झाला.

ती शाळा ठाण्यातली, मोठी. त्याच संस्थेच्या आणखी बऱ्याच शाळा. ही खूश झाली तर बाकीच्याही येणार. मुख्याध्यापिका मॅडमनी ती पुडी दोन बोटांत धरली.

“जाळण्यासाठी? सर, पालक काय म्हणतील?”

“धोका नाही मॅडम. फट् होतो आणि विझतो.”

“पण मुद्दाम कशाला? आणि हे सगळं सुटं सुटं. पहिल्याच तासाला निम्मं गायब होईल. तुम्ही जोडूनच द्या ना. एकदम पक्कं. मुलं फक्त बटण दाबतील.” मग सहज विचारल्यासारखं, “तुमचं इंजिनिअरिंग कुठून झालं?”

“माझी नववी झालीये.”

“नववी म्हणजे?”

“म्हणजे नववीच. दहावीला बसलो नाही.”

त्या हसल्या. कुचकट नव्हतं हसू, प्रेमळ होतं, म्हणून जास्त लागलं. “वंडरफुल! फक्त माहितीपत्रकात नका हं घालू.”

मी पुडी खिशात टाकली आणि म्हणालो, “देतो, जोडून देतो.”

गाळ्यात ग्लू गन आणली. ठाकुर्लीहून येणाऱ्या मावशी आमच्याकडे सगळ्यात जुन्या. एकेक वायर चिकटवत म्हणाल्या, “शेट, मग पोरांनी याचं करायचं काय? हळदकुंकू वाहायचं?”

एरवी त्या मला दादा म्हणतात. शेट म्हणाल्या की समजून जायचं. बाकीच्या तिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“ऑर्डर आहे, मावशी.”

“मग मी कुठं काय म्हटलं?”

महिन्याभराने शाळेतून फोन आला, मुलं कशी छान वापरताहेत ते बघायला या. सहावीचा वर्ग होता. मुलं रांगेत उभी. एकेकाने पुढे यायचं, बटण दाबायचं, बाजूला व्हायचं आणि वहीत लिहायचं: निरीक्षण, दिवा लागला. निष्कर्ष फळ्यावर आधीच लिहून ठेवलेला. मला खुर्ची दिली, चहा दिला.

दाराशी एक मुलगी खोकं हातात धरून उभी होती. तिने नखांनी ग्लू खरवडून एक वायर उपटलेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “सर, आता तुम्हीच समजवा हिला.”

“का उपटलीस गं?”

“मला बघायचं होतं, उलटी लावली तर काय होतं.”

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. मला त्यांच्या बाकीच्या शाळा दिसत होत्या, आणि गाळ्यातल्या चौघी. मी म्हणालो, “असं करू नये बाळा. वस्तू नीट वापरायची.”

“सॉरी सर,” ती म्हणाली.

मला सॉरी! भंगाराच्या डब्यावर शिकलेल्या माणसाला! तो राग अजून उतरलेला नाही. मॅडमवर आहे, त्या फळ्यावर आहे, पण पहिला नंबर माझा.

तिथून तडक नौपाड्याला गेलो. बाई ‘होतं असं’ म्हणतील, अशी आशा होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू तिला काय म्हणालास? पुन्हा सांग.” पुन्हा सांगितलं. “मग माझ्याकडे काय करतोयस? तिकडे जा.” चहासुद्धा विचारला नाही. मला नीट रागावणारं इथे हे एकच माणूस आहे, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी न चिकटवलेलं एक खोकं घेऊन शाळेत गेलो.

“बरं झालं आलात,” मॅडम म्हणाल्या. “बाकीच्या शाळांचं ठरवायचं होतं.”

“चिकटवलेली खोकी यापुढे देणार नाही मॅडम. ही चाळीसही परत द्या. सगळी सोडवून, पुडीसकट आणून देतो.”

“का? इतकी छान चालताहेत की! ती एक वायरही आम्ही पुन्हा चिकटवून घेतली.”

माझा आवाज चढला. “चाळीस मुलं आणि एकाचाही दिवा जळून जात नाही? एकही पोरगं चुकत नाही? असं कसं होईल मॅडम?”

“सर, हळू. ही शाळा आहे.” मग फाइल मिटत त्या म्हणाल्या, “आमच्याकडे डिग्रीवालेही येतात हं. आम्हीच तुम्हाला संधी दिली होती.”

त्या मुलीशी दोन मिनिटं बोलू द्या म्हटलं, तर म्हणे तास चालू आहे. जिन्यात वर्गशिक्षिका भेटल्या. मी खोकं त्यांच्यापुढे धरलं. “हे तिला द्या. आणि सांगा, त्या दिवशी मी चुकीचं बोललो.” त्यांनी एकदा ऑफिसच्या दाराकडे पाहिलं आणि खोकं वह्यांच्या गठ्ठ्याखाली घेतलं. “सांगते,” म्हणाल्या. सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

ऑर्डर गेली. गाळ्यात चौघींना सांगितलं. लहान शिकवण्यांची थोडी खोकी हातात होती, तेवढंच काम. अशा वेळी मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

मावशी उठल्या, फळीवरची ग्लू गन काढली. “मग आता ही रिकामीच ना, दादा? गणपतीच्या मखराला नेते.”

“न्या,” मी म्हणालो. “आणि परत आणू नका.”