टेबलातली दानपेटी

राजानंद माझा नांदेडच्या शाळेतला विद्यार्थी. वर्गात प्रश्न विचारला की बाकीची मुलं उत्तर द्यायची, हा आधी प्रश्नच दुरुस्त करायचा. "बाई, गाडी मध्ये कुठं थांबली तर?" अंतर आणि वेगाचं साधं गणित, पण याला गाडी थांबण्याची काळजी. हुशार मुलगा, पण असा की त्याच्यापुढं शांत राहायला माणसाला साधना करावी लागावी.

दोन हजार आठमध्ये मी मुलीकडे हॅम्बर्गला राहायला गेले, तेव्हा तो तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता. बायको शैला, आणि नुकतीच शाळेत जाऊ लागलेली धम्मदीपा. ही पोर मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. राजानंद एका संशोधन संस्थेत सरकारी उत्पन्नाचे अंदाज बांधायचा. त्याचा करार डिसेंबरअखेर संपत होता, आणि व्हिसा त्या कराराला बांधलेला. करार वाढायचा की नाही, ते हातातल्या एका कामावर ठरणार होतं.

काम कॅसिनोचं होतं. तिकडे कॅसिनोच्या कमाईतला मोठा वाटा राज्य सरकारला करापोटी जातो. जवळच्या एका राज्याच्या अर्थखात्याच्या मनात आलं की एका डावावर लावायच्या रकमेची कमाल मर्यादा निम्म्यावर आणावी. लोकांचं व्यसन कमी होईल. पण कराचं उत्पन्न मात्र तेवढंच राहावं.

"म्हणजे गूळ निम्मा घाला, पण पोळी तेवढीच गोड करा," शैला म्हणाली.

"लोक कमी लावतील, पण जास्त वेळ बसतील, असं त्यांचं म्हणणं आहे," राजानंद म्हणाला.

"बसतील का?"

"ते अवलंबून आहे."

हे त्याचं लाडकं वाक्य. संस्थेतल्या त्याच्या वरिष्ठ फ्राऊ फॉस रोज विचारायच्या, "ते ठीक आहे, पण एकच आकडा सांगा." हा सांगायचा, मोठे खेळणारे शेजारच्या राज्यात गेले तर असं, नाही गेले तर तसं. शैला वैतागून गेली होती.

"अहो, एकदा तरी हो किंवा नाही म्हणा! लग्नाला तरी सरळ होकार दिला होतात का?"

"दिला होता. काही अटींवर."

"ऐकलंत बाई? आणि कॅसिनोचं दार पाहिलेलं नाही यांनी. काठावर बसून नदीची खोली सांगतायत!"

हे मात्र त्याला लागलं. पुढच्या शनिवारी धम्मदीपाला माझ्याकडे सोडून दोघं त्या राज्यातल्या समुद्रकाठच्या एका कॅसिनोत गेले. पुढचं शैलानं मला सांगितलं, आणि सांगताना ती निम्मं हसत होती, निम्मं कपाळाला हात लावत होती.

दारात पासपोर्ट दाखवले. राजानंदला टाय भाड्यानं घ्यावा लागला. रुलेटच्या टेबलाशी तो फिरत्या चकतीकडे न बघता माणसांकडे बघत उभा. शेवटी शैलानंच दोन युरोची एक चिप, म्हणजे खेळातलं नाणं, सात आकड्यावर ठेवली, आणि चेंडू नेमका सातवर थांबला. खेळ चालवणाऱ्या माणसानं सत्तर युरोच्या चिपा तिच्याकडे सरकवल्या. ती घाबरलीच. जुगाराचा पैसा घरात नेला तर आई काय म्हणेल? तेवढ्यात तिनं पाहिलं, शेजारच्या जिंकलेल्या गृहस्थानं एक चिप त्या माणसाकडे परत सरकवली आणि त्यानं ती टेबलातल्या फटीत टाकली. शैलाला वाटलं, ही दानपेटी. विहारात असते तशी. तिनं सगळा ढीग हात जोडून पुढं सरकवला.

तो माणूस गोंधळला. "सगळे? नक्की?"

"गेनाऊ! अगदी नक्की!" शैला म्हणाली.

त्यानं टेबलावर टकटक करून आभार मानले आणि सगळं फटीत टाकलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "फार उपकार झाले. आमचे पगार यातूनच होतात."

"यातूनच?" राजानंदनं पहिल्यांदा तोंड उघडलं. परतीच्या गाडीत तो तिकिटाच्या मागं आकडे मांडत बसला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चहाला आला आणि म्हणाला, "बाई, माझं सगळं गणित चुकलं. ती बक्षिसीची पेटी मी धरलीच नव्हती. मोठे खेळणारे मोठी बक्षिसी देतात. मर्यादा निम्मी केली की पेटी आटणार. मग पगार कॅसिनोला खिशातून द्यावे लागणार, आणि तो सरकारकडे करात सूट मागायला येणार. उत्पन्न दोन्हीकडून घटेल."

"मग तसं सांग."

त्यानं सांगितलं. फ्राऊ फॉस म्हणाल्या, "पण अंदाजपत्रकात उत्पन्न तेवढंच धरून झालंय. छापूनही झालंय."

"मग मला विचारलं कशाला?"

"हे बघा, विचारावं लागतं. बक्षिसीबद्दल तर कोणी विचारलंच नव्हतं. तो भाग काढा."

राजानंद म्हणाला, "नाही."

नुसतं नाही. त्यात 'तर' नव्हतं की 'पण' नव्हतं. संध्याकाळी हे कळल्यावर शैलानं हातातली पळी ओट्यावर आपटली. "दहा वर्षांत पहिलं सरळ उत्तर दिलंत, आणि ते नेमकं तिथं!"

मला दोघांचाही राग आला आणि दोघांची मायाही. पोरीची शाळा, भाड्याचं घर, सगळं त्या एका शब्दाला टांगलेलं. डिसेंबरात करार संपला. मी नांदेडला परतले तेव्हा शैला भांडी खोक्यांत भरत होती आणि राजानंद नोकरी शोधायला व्हिसावर मिळालेल्या काही महिन्यांच्या मुदतीत दुसरीकडे अर्ज करत होता. मर्यादा नव्या वर्षात निम्मी झालीच.

उन्हाळ्यात शैलाचा फोन आला. "बाई, खोकी सोडली! संस्थेनं परत बोलावलं यांना, दोन वर्षांचा करार. कॅसिनोला पगार झेपेनात, करात सूट मागतोय. ती किती द्यायची, हे मोजायला माणूस हवाय."

"अगं, हे तर त्यानं आधीच सांगितलं होतं!"

"हो ना. फ्राऊ फॉसना त्याचं काही नाही. कालच विचारलं, किती सूट द्यावी, एकच आकडा सांगा."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार? अवलंबून आहे!"