दाजींच्या साडेसात पंगती

पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेवर इतका जीव लावणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतकी वर्षं समजावूनही समोरच्याला काहीच कळू न देणारा तर नसेलच. हे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मंठ्यात खत-बियाण्याच्या दुकानावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे. या भाषेच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यांना आकडे असतात, आणि दाजींचं पंचांग तेच. लेकीचा जन्म कधीचा विचारा, "दोन पॉइंट एक आल्तं बघ, त्याच उन्हाळ्यात." एकदा म्हणाले, तीन आल्यावर दोन पॉइंट सात आलं. मी म्हटलं, "दाजी, तीननंतर दोन?" "जुन्या लोकांसाठी," म्हणाले. पुढे तीन पॉइंट नऊनंतर तीन पॉइंट दहा आलं, आणि ते म्हणे नऊपेक्षा मोठं. शाळेत आम्हाला उलटं शिकवलं होतं. मी विचारणं सोडलं. तव्यावर पोळी करपत होती.

दाजी स्वतः मात्र दोनवरच थांबले. तीनमध्ये पडद्यावर साधा शब्द उमटवायलाही कंस घालावा लागतो, याचा त्यांना राग. "दारात पावणा आला तर त्याला काय कंसात उभा करता?"

वाटूर फाट्यावर माझं मंगल कार्यालय आहे. ते सुरू झालं तेव्हा दाजींनी प्रोग्राम लिहून भेट दिला. पाहुण्यांचा आकडा टाकला की किती पंगती उठतील ते तो सांगे. एका पंगतीला शंभर पानं. प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी दाजींचा फोन यायचा, "किती पावणे?" ते उत्तर सांगायचे, मी "बरं" म्हणायचे आणि आचाऱ्याला एक पंगत वाढवून सांगायचे. कारण शेवटी चाळीस-पन्नास माणसं हात धुऊन उभी असायचीच. का, ते विचारलं असतं तर दोन पॉइंट एकपासून सुरुवात झाली असती.

यंदा त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं, माझ्याच कार्यालयात. "पंगती माझा प्रोग्रामच ठरवील," दाजींनी जाहीर केलं. पण लेकीनं क्लासचे कॉम्प्युटर तीनवर नेले होते; जुनं शिकायला पोरं येईनात. प्रोग्राम चालेना. तिनंच कंस घालून दिले. दाजींनी साडेसातशे टाकले. उत्तर आलं, सात पॉइंट पाच.

"अवो, लेकीच्या लग्नात साडेसात कुठून काढले?" ताई ओरडली.

"आजवर सात सांगायचं हे! अर्धी पंगत कशी बसवू?"

"पप्पा, जुनी आवृत्तीच तशी होती. भागाकारात उरलेलं टाकून द्यायची," लेक म्हणाली. "मागची पन्नास माणसं धरतच नव्हती ती."

दाजींनी साडेसातशे पुन्हा टाकून पाहिले. क्लासबाहेरच्या माणसासाठी त्यांनी आयुष्यात एवढा एकच प्रोग्राम लिहिला होता. मग माझ्याकडे वळले. "म्हंजे इतकी वर्षं मी तुला चुकीचं सांगून राह्यलो? लोक उपाशी गेले?"

मी खोटं बोलत नाही. वेळ वाया जातो. "एकबी माणूस उपाशी गेलं न्हाई, दाजी," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मंग बराबर होतं?"

"आठ धरा," मी म्हटलं आणि आचाऱ्याला फोन लावला.

लग्नात आठवी पंगत अर्धीच भरली. मुलीचा बाप सगळ्यांच्या शेवटी जेवतो, तसे दाजी त्या पंगतीच्या टोकाला बसले. लेकीची गाडी गेली होती. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि हात तसाच ठेवला.

"जुन्यात मी धरलेलोच नव्हतो की," म्हणाले.

वाढपी पुढे निघाला होता. मी त्याला परत बोलावलं आणि दाजींच्या पानात बुंदी दोनदा वाढायला लावली.