चौकातल्या बॅनरवरची कोथिंबीर

बाळांनो, तुम्ही सांगता, आजी, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो पाठव, पण त्यांच्या नकळत काढलेले. इथं धाराशिवात ते सोपं नाही. मोबाईल दिसला की माणूस टोपी सारखी करतो, दोन्ही हात मांड्यांना चिकटवतो आणि श्वास रोखून उभा राहतो. आमच्याकडे फोटो म्हणजे आधार कार्डाचा! म्हणून मी पिशवी घेऊन भाव विचारत हिंडते आणि मधेच फोटो काढते. काढला की त्या माणसाला दाखवते. नको म्हणालं कुणी, तर तिथंच पुसून टाकते.

घरी आल्यावर चहा घेऊन मोबाईलवरच फोटोंचं कातरकाम. कडेला आलेलं अर्धं डोकं, विजेचा खांब, कुणाची नुसती चप्पल, सगळं बाहेर. फोटो जरा जरी तिरका राहिला तरी मला चहा गोड लागत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नेहमीच्या भाजीवालीची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. चौकात अभिनंदनाचं बॅनर लागणार होतं, आणि आईला लेकीशेजारी स्वतःचा फोटो हवा होता.

"बाई, चांगला काढा. माझे समदे फोटो चोरावानी आल्यात. पोलिसाशेजारी चोर बसवल्यागत दिसंल."

बॅनर संध्याकाळी छपाईला जायचं होतं. तिनं तोंड धुतलं, पदर डोक्यावर घेतला, तराजू मागे ढकलला आणि ताठ उभी राहिली.

"हसा की जरा," मी म्हणाले.

"हसलेच की, बाई."

"कुठं?"

"मनात."

शेजारची लिंबूवाली मगापासून हे बघत होती. "अगं, भरती लेकीची हाय, तुझी न्हाय! उंची मोजायला उभी राहिल्यावानी काय राहतीस?"

भाजीवालीनं हाताला लागलेली कोथिंबिरीची जुडी उचलून तिच्यावर भिरकावली आणि खदखदून हसली. मी बटण दाबलं.

फोटोत तिचं हसू होतं, वर गेलेला हात होता आणि हवेत कोथिंबीर. एका कडेला मात्र खाली वाकलेल्या लिंबूवालीचा खांदा आला होता. सवयीप्रमाणे मी तो कापला, तर कोथिंबीरही गेली. मग नुसता वर गेलेला हात राहिला, जणू ती कुणाला मारायला निघालीय. दोन-तीनदा कापून पाहिलं. शेवटी खांदा राहू दिला.

भाजीवालीनं फोटो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बया! समदे दात दिसतेत. पदर बी खाली आलाय. पाहुणे काय म्हणतील?" पण दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. तोच घेऊन आम्ही दोघी बॅनरवाल्याकडे गेलो.

त्यानं तोडगा काढला. "नुसता चेहरा घेतो, आजी. धड आमच्याकडं तयार असतंय, हात जोडलेलं."

"कुणाचं धड?"

"कुणाचं का असंना. पैठणीतलं हाय."

भाजीवालीला पैठणी पटू लागली होती. तेवढ्यात तिची लेक बॅनरवरचा मजकूर तपासायला आली. स्क्रीनवरचा फोटो बघून ती आईसारखीच हसली.

"धड माझ्या आईचंच ठेवा. कोथिंबीर बी."

"आगं, पण पदर..."

"आई, डोक्यावर पदर घिऊन तू भाजी कवा विकलीस? मी पळायला जायची तवा तू अशीच वरडून हसायचीस. चौकात आई माझी दिसू दी, दुसऱ्या कुणाची नगं."

आईनं लेकीकडे पाहिलं, मग फोटोकडे. "छापा," ती बॅनरवाल्याला म्हणाली, "पण दात जरा पांढरे करा."

दुसऱ्या दिवशी मी भाजीला गेले, तर तिनं आपली पाटी उचलून बॅनरच्या बरोबर खाली मांडली होती. गिऱ्हाईक भाव विचारायच्या आत ही वर बोट दाखवी. "आधी तिकडं बघा. ती पोलीस माझी लेक, आन् ती हसतीय ती मी!"

पलीकडून लिंबूवाली ओरडली, "आन् त्यो खांदा माझा! त्यो बी सांग की!"