आमच्यात चालत नाही

फादरांनी यंदा पुन्हा विचारलं, "तरुण मुलांसमोर बोलशील ना? विषय तोच. वेगळ्या विचारांच्या माणसांत ख्रिस्ती माणसानं कसं वागावं." मी नाही म्हणालो. ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण इथे लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी या विषयावर बोललो होतो, आणि चांगला बोललो होतो. खोटी नम्रता कशाला? आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. बी.कॉम., तेही रोज एसटीनं अलिबागला जाऊन. आई मासळी विकायची, तिला सही येत नव्हती. आणि तिचा मुलगा चर्चच्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन पाऊण तास बोलत होता. आपला विश्वास लपवायचा नाही, कुणावर लादायचाही नाही, आणि पटत नसेल तिथे प्रेमानं, पण ठामपणे सांगायचं. "प्रेमानं, पण ठामपणे" हे मुलांनी वहीत लिहून घेतलं. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी दोन नोव्हेंबर आला. त्या दिवशी आम्ही आमच्या मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर जातो, फुलं घालतो, आणि फादर एकेका थडग्यावर पवित्र पाणी शिंपडत जातात. आमची दफनभूमी समुद्राच्या अंगाला आहे. वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून त्यात मेणबत्त्या लावायच्या. त्या वर्षी बायकोचा भाऊ मुंबईहून मांडव्याच्या बोटीनं मुद्दाम आला होता. त्याचे वडीलही शिकलेले आणि आजोबाही. त्याच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ होते.

आम्ही पोचलो, तर आईच्या थडग्यापाशी शेजारची मावशी उभी होती.

ही मावशी नात्यातली नव्हे. ती कोळ्यांची, हिंदू. आई आणि ती चाळीस वर्षं बाजारात शेजारी-शेजारी पाट्या मांडून बसल्या, भांडल्या, एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली आणि दुपारी एकाच डब्यात जेवल्या. माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत आई तापानं पडली. मी म्हणालो, पेपर सोडतो, बाजारात बसतो. मावशी म्हणाली, "तू मासली इकनार? पापलेटला हलवा म्हनशील. जा, पेपर दे." दोघींच्या पाट्या तिनं एकटीनं विकल्या.

तर तिनं थडग्यावर केळीचं पान मांडलं होतं. पानावर तांदळाची भाकरी, तिच्यावर सुक्या जवळ्याची चटणी, आणि बाजूला मशेरीची डबी. आई सकाळ-संध्याकाळ दातांना मशेरी लावायची. मला नोकरी लागल्यावर मी तिला ती सोडायला लावली. म्हणजे ती सोडली, असं मला वाटत होतं.

मेहुणा हसत म्हणाला, "भावोजी, हे काय? तुमच्याकडे असलं चालतं?"

मी पुढे झालो. "मावशी, हे आमच्यात चालत नाही. मेलेली माणसं जेवत नाहीत."

आवाज चढवला नाही. प्रेमानं, पण ठामपणे.

"जेवतात कोन म्हनतंय?" मावशी म्हणाली. "आमची तरी कुटं जेवतात? कावला खातो." ती हसली सुद्धा. "पन हिच्या दारात रिकाम्या हातानं कशी येऊ? हिनं मला कदी रिकामं जाऊ दिलं न्हाय."

मी वाकलो, पान दुमडलं आणि डबीसकट नेऊन फाटकाबाहेरच्या दगडी गडग्यावर ठेवलं. परत आलो तेव्हा मावशी पदराला हात पुसत होती. हात ओले नव्हते. मग ती गुडघे सांभाळत वाळूतून निघून गेली. मेहुणा खाली बसून मेणबत्त्या लावत होता. तो ते विसरूनही गेला होता.

थोड्या वेळानं दफनभूमीची झाडलोट करणारे म्हातारे काका आले. "पान कुठाय रे?"

"कसलं पान?"

"मावशीचं. सहा वर्षं ठेवते ती. उजाडायच्या आत येऊन जाते, तुम्ही यायच्या आधी. यंदा गुडघ्यांनी उशीर झाला असंल."

"आणि तुम्ही ते चालवून घेता?"

"मी कोण चालवून घेणार? फादर पहाटेच फेरी घालतात, त्याच्यावर पण पाणी शिंपडतात. मग तुम्ही यायच्या आत भाकरी मी खातो, आणि तुझ्या आईसाठी एक प्रार्थना म्हणतो. मशेरी तेवढी तिथंच वाळूत पुरतो. मला सोसत नाही."

मी फाटकाकडे गेलो. भाकरी कुत्र्यानं नेली होती. डबी खाली पडली होती, ती उचलून मी खिशात टाकली.

तेव्हापासून मनाशी खूप वकिली केली. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला येशूची आठवण सुद्धा झाली नव्हती. मला लाज वाटली होती. मशेरीची, सुकटीच्या वासाची, मेहुण्यासमोर माझी आई पुन्हा मासळीवाली दिसली त्याची. धर्म मी नंतर पुढे केला, कारण तो हाताशी होता. फादरांना जे कळलं होतं, झाडणाऱ्या काकांना जे कळलं होतं, ते त्या अख्ख्या दफनभूमीत मला एकट्याला कळलं नव्हतं. आणि माईक माझ्या हातात दिला होता.

त्या वर्षी दिवाळी दोन नोव्हेंबरनंतर आली. मावशी फराळाचं ताट घेऊन आली. एरवी ती थेट स्वयंपाकघरात शिरायची. त्या दिवशी दाराबाहेरच्या ओट्यावरच थांबली आणि म्हणाली, "तुमच्यात चालतं ना ह्ये?"

टोमणा असता तर मी तो घेतला असता. पण ती खरंच विचारत होती. तिच्या चकल्या खाऊन मी लहानाचा मोठा झालो आणि तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, त्या दिवशी माझं चुकलं."

"चुकलं कसलं? तुमचं तुमाला ठाव. मी अडानी बाई, मला काय कलतं?"

हेही ती मनापासून म्हणाली. मासळीच्या भावात बाजाराला नाचवणाऱ्या बाईला मी एका सकाळीत अडाणी करून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरला पहाटे बायकोनं भाकरी केली. मी तीच डबी दुकानातून भरून आणली आणि मावशीच्या दारात गेलो. "चल, सोबत जाऊ. मी हात धरतो."

"गुडघं न्हाय चालत रं. तू ने." तिनं फडकं उघडून पाहिलं. "जाड झाली. तुज्या आयशीनं फेकून मारली असती." मग डबी उघडून वास घेतला. "दुकानातली. ती घरी भाजायची." आणि डबी माझ्या हातात परत दिली.

मी पान ठेवलं. फादरांनी त्यावर पाणी शिंपडलं. काकांनी भाकरी खाल्ली आणि जाड आहे म्हणाले. मला वाटलं, आता मिटलं.

या शिमग्याला मावशी पुरणपोळ्या घेऊन आली. मी दार सताड उघडून उभा होतो, "आत ये" म्हणालो. ती ओट्यावर थांबली. ताटावरचं फडकं तिनं तसंच धरून ठेवलं होतं.

"चालतं ना?"

"चालतं, मावशी."

तिनं मान डोलावली आणि मगच फडकं काढलं.