देवीची वेणी

अजूनही कुणी 'लाज नाही वाटत का' म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. या लाजेनं माझी एक किडनी खाल्लीय. दुसरी मी तिला खाऊ दिली नाही.

आमचं घर घणसोली गावात, खाडीच्या अंगाला. ओहोटीला आईबरोबर चिखलात उतरायचं आणि शिंपल्या गोळा करायच्या, हे लहानपणापासूनचं काम. कमरेएवढं पाणी, दिवसभर अंगावरचं ओलंच. त्यामुळे माझी लघवी आपोआप गळते हे कुणाला कळलं नाही. खरं सांगते, मलाही नाही कळलं. सगळ्याच ओल्या, त्यात मी एक. शिंपलीनं पाय कापला की बाकीच्या कळवळायच्या. मला घरी येऊन रक्त दिसलं तेव्हाच कळायचं. आई कौतुकानं सांगायची, पोरीचं कातडंच खाडीचं हाय.

मग खाडीत भराव पडला आणि मी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात बाटल्या पॅक करायला लागले. स्टूल, पांढरा एप्रन, कोरडी फरशी. त्या कोरड्या फरशीनंच माझं बिंग फोडलं. शेजारच्या पोरीनं नाकाला रुमाल लावून स्टूल लांब सरकवलं. सुपरवायझर म्हणाला, बरी होऊन ये, नाहीतर घरीच बस. आमच्या घरात हजेरीचं कार्ड मिळालेली मी पहिली. ते मी सोडणार? हट्!

तीन डॉक्टर झाले. दोघांनी उन्हाळे लागलेत म्हणून गोळ्या दिल्या. तिसरा आईला म्हणाला, लग्न करून द्या, बरी होईल. वा रे वा! नवरा काय नळाचा वायसर बदलणार होता?

चौथी वाशीत नवीनच आलेली डॉक्टरीणबाई. तिनं आधी माझे पाय हातात घेतले. हा काप कधीचा, म्हणून विचारलं. मला सांगता येईना. डोळे मिटायला लावून तिनं तळव्याला टाचणी टोचली, तीही मला कळली नाही. मग म्हणाली, पाठ दाखव.

आई ताडकन उठली. माझ्या कमरेशी, मणक्यावर, जन्मापासून केसांचा झुपका होता. ती देवीची वेणी. आई दर मंगळवारी तिला तेल लावायची, आणि परक्याला दाखवली तर देवी कोपते म्हणून डॉक्टरांपुढे मला पाठ वळवू द्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं नेहमीचं. मी तिच्याकडे न बघता पाठ वळवली आणि साडी सैल केली. आईचा शब्द मी मोडला तो त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा.

बाईंनी समजावलं. हे केस म्हणजे आतल्या दोषाची खूण. मणक्यातला मज्जातंतूंचा दोर खाली हाडाला चिकटलाय. उंची वाढली तसा तो ताणला गेला. म्हणून पाय बधिर, म्हणून लघवीवर ताबा नाही. मला पटकन कळलं. ओहोटीला होडी आखूड दोरानं बांधली, की भरतीला तिचं नाक बुडतं.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, दोर सुटला. पण गेलं ते परत आलं नाही. मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायचंच नाही; तुंबून तुंबून एक किडनी निकामी झाली होती. दुसरी वाचवायला एकच उपाय होता. दिवसातून चारदा, स्वतःच्या हातानं, बारीक रबरी नळी आत घालून लघवी काढायची. आई रडायला लागली, कुंवार पोरीनं असलं करायचं? मी म्हटलं, किडनीला काय ठाऊक माझं लग्न झालंय की नाही.

नळी उकळून, स्टीलच्या डब्यात घालून मी कामावर गेले. आता मी कोरडी होते, वास नव्हता. तरी सुपरवायझरला माझी दुपारची फेरी खुपायची. एके दिवशी भर हॉलमध्ये त्यानं विचारलं, "डबा घेऊन संडासात जातेस, लाज नाही वाटत?"

मी डबा पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि उघडला.

"ही नळी, साहेब. हिनं मी लघवी काढते. नाही काढली तर मरेन. आता सांगा, जाऊ?"

त्याची मान खाली गेली. म्हणाला, "जा."

घरी आईला सांगितलं. मंगळवार होता, ती सवयीनं तेलाची वाटी घेऊन बसली होती. वेणीच्या जागी आता टाक्यांची रेघ होती.

"सगल्यांच्या म्होरं उघडलास?"

"सगळ्यांच्या समोर."

तिनं वाटी फडताळात ठेवली, माझ्या पिशवीतून डबा काढला आणि नळी उकळायला स्टोव्हवर पाणी ठेवलं.