चुकलास की चुकलीस

"उजवीकडे, आई. अजून जरा. ती नव्हे, ती माझी."

"तरीच म्हटलं, ही होडी कुणी आणून ठेवली!" आईनं पायानं चाचपत शेवटी आपली चप्पल शोधली. "बाईमाणसाचे एवढे मोठे पाय मी जन्मात बघितले नाहीत."

"अजून कुठं बघितलेस?"

दोघी हसल्या. गॅसवर चहा वर येत होता. समोरच्या खोलीत कामाच्या टेबलावर काल रात्री वार्निश दिलेली मोटर वाळत पडली होती आणि तिचा उग्र वास घरभर पसरला होता. रोजची सकाळ रोजच्याच चालीनं चालली होती. थोरलीनं चहा गाळला, बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी आईच्या दोन्ही हातांत नीट बसवली.

तेवढ्यात दार वाजलं. तीन ठोके, घाईघाईचे.

"आले, आले!" हसण्याच्या भरात थोरली ओरडली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

बेकरीवाला असणार. पीठ मळायच्या यंत्राची मोटर न्यायला तो आज सकाळी येणार होता. थोरलीनं खिळ्यावरचा डगला गाऊनवर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, केस टोपीत कोंबले. घसा खाकरून आवाज तळाला नेला आणि दार उघडलं.

दारात धाकटा भाऊ उभा होता. धापा टाकत होता. शर्टाचं एक बटण चुकून दुसऱ्याच काजात गेलं होतं.

"आईनं काही खाल्लंय? काही प्यायली?" उत्तराची वाट न बघता तो आत घुसला आणि आईच्या ओठांशी गेलेली बशी त्यानं अलगद काढून घेतली. "नको, आई. पाणीसुद्धा नको. डोळा मिळालाय."

आईचे हात बशी धरल्यासारखे तसेच हवेत राहिले.

"पहाटे हॉस्पिटलातून फोन आला. बारापर्यंत पोचायचं, आज दुपारीच ऑपरेशन. उद्या सकाळी दहाला पट्टी सोडतात. गाडी खाली उभी आहे. दादा, हिची पिशवी भर."

सहा वर्षं! सहा वर्षांपूर्वी आईची दोन्ही बुबुळं पांढरी पडली, आणि कुणाचा तरी डोळा मिळेल या आशेवर तिचं नाव यादीत गेलं. तेव्हाच्या फॉर्मवर संपर्कासाठी नाव लिहायचं होतं, आणि त्याखाली 'नातं' असा एक रकाना होता. थोरलीनं पेन हातात धरलं, 'मुल' लिहिलं, आणि पुढचं अक्षर तिच्यानं लिहवेना. शेवटी तिनं दोन तासांवर राहणाऱ्या धाकट्याचं नाव घातलं. म्हणून तर फोन त्याला आला. आज सोबतीला एकच माणूस चालणार होता, तोही तोच.

आई रडत होती, हसतही होती. धाकट्यानं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मग त्याला आठवण झाली.

"काय रे दादा, मघाशी आतून 'आले, आले' कोण म्हणालं? वहिनी आणलीस की काय गुपचूप?"

"कोण म्हणणार?" आनंदाच्या भरात आईच बोलून गेली. "हीच की."

हीच. खोलीत तिघांखेरीज कुणी नव्हतं. धाकट्याची नजर हळूहळू खाली गेली. डगल्याच्या खालून गाऊनची वीतभर झालर दिसत होती. निळी, बारीक फुलांची.

थोरलीनं ती झाकली नाही. भावानं बाजूला ठेवलेली बशी उचलून ती उभी राहिली, आणि कलंडल्या बशीतला चहा थेंबथेंब फरशीवर पडत राहिला.

गल्लीत तिला 'कॉइलवाले' म्हणत. जळलेल्या मोटरींच्या खाचांतली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. सत्तेचाळीस वर्षांचं वय, रुंद खांदे, मागे सरकलेले केस. गिऱ्हाइकांपुढं ती एक वेगळीच भाषा बोलायची. 'मी आलो' नाही आणि 'मी आले'ही नाही, 'येणं झालं'. 'मी विसरलो' नाही, 'लक्षातून गेलं'. 'केलं', 'दिलं', 'मिळालं', हे शब्द कुणाच्याही तोंडी शोभतात, त्यांच्यावरच ती दिवस काढायची. गिऱ्हाइकं म्हणत, कॉइलवाले बोलतात अगदी सरकारी पत्रासारखे! फोनवर कुणी 'ताई' म्हणे, कुणी 'साहेब', आणि ती दोघांनाही सारख्याच गोडीनं 'उद्या मिळेल' सांगे.

आईला कळलं ते एका चुकीमुळं. दिसेनासं झाल्यावर आई कामाच्या टेबलाशी तारेचं रीळ सैल धरून बसायची. तेवढाच हाताला चाळा. एका दुपारी थोरली पंख्याचे वेढे मोठ्यानं मोजत होती. एकशे तेरा, एकशे चौदा, आणि आकडा निसटला. "छे! चुकले," ती स्वतःशीच म्हणाली.

आईच्या हातातलं रीळ थांबलं. मग तिनं विचारलं, "चुकलास की चुकलीस?"

एकेचाळीस वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट आणि आईनं ती अशी दोन शब्दांत समोर मांडली, जणू दोन वाट्या पुढं सारल्या. तुझी कुठली ती उचल. थोरलीनं हातातली तार खाली ठेवली.

"चुकले, आई."

"मग पहिल्यापासून मोज," आई म्हणाली.

त्या दिवसापासून घरात 'अरे'चं 'अगं' झालं. कधी आईची जीभ जुन्या वळणावर जायची, मग स्वतःच दुरुस्त करायची. आता तर वर्षानुवर्षं एकदाही गेली नव्हती. आईच्या त्या अंधारात थोरली पुरती मुलगी झाली होती. तिथं तिला खांदे नव्हते, जबडा नव्हता, मागे सरकलेले केस नव्हते. होता फक्त आवाज, हाताचा स्पर्श आणि एक 'अगं'.

आणि म्हणूनच, दर वेळी धाकट्याचा फोन आला की तिच्या काळजात धस्स व्हायचं. डोळा मिळू दे, असं ती मनापासून म्हणायची. आणि त्याच्या पाठोपाठ, ज्यापायी तिला स्वतःचीच शिसारी यायची, ते दुसरं वाक्य मनात येऊन जायचं: इतक्यात नको.

धाकट्यानं तिला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं.

"हे काय आहे, दादा?"

"गाऊन आहे."

"ते दिसतंय मला! कधीपासून?"

"गाऊन सहा वर्षं. बाकीचं आधीपासूनच."

"म्हणजे ते... बायकांचे कपडे घालून बसतात ते लोक असतात ना, तसं?"

थोरलीला एवढ्या ताणातही ओळखीचा एक बसड्रायव्हर आठवला. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्याच्या घरी चार-पाच जणांचा गोतावळा जमायचा. ड्रायव्हर लाल झगा, केसांचा टोप, लिपस्टिक, सगळा थाट करायचा. पाठीची चेन त्याची बायको लावून द्यायची आणि वर टोमणा मारायची, "पोट आत घ्या, नाहीतर चेनचं दिवाळं निघेल." ड्रायव्हर थोरलीच्या गाऊनकडं बघून हळहळायचा. "काय तुम्ही! एवढं बाई म्हणवता आणि साधी पावडर नाही!" ती म्हणायची, "अहो, तुम्हाला सजायचंय, मला नुसतं असायचंय." "पण मला बाई व्हायचं नाही हां," तो बजावायचा, "उद्या मला स्टिअरिंगवर बसायचंय." "बायका काय स्टिअरिंगवर बसत नाहीत?" त्याची बायको विचारायची, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्या घरात कुणाचंच कुणाशी पटत नसे, आणि तरी सगळे पुढच्या महिन्यात वेळेवर हजर.

"नाही. तसे असतात, चांगली माणसं असतात," थोरली म्हणाली. "माझं तसं नाही. मला कपड्यांचं काही विशेष नाही."

"मग?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. धाकट्यानं घड्याळ बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"हे बघ, तू आईला सांभाळलंस, मी नाही सांभाळलं. मला बोलायला तोंड नाही. पण सहा वर्षांनी तिचे डोळे उघडणार, आणि पहिल्यांदा तिला हे दिसणार? तू उद्या येऊच नकोस. महिनाभर ती माझ्याकडे राहील. सावकाश काय ते बघू."

"आईला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं, दादा. दिसणं वेगळं."

थोरली ओट्याला टेकली. तिचीच भीती तो बोलत होता, पण उलट्या बाजूनं. त्याला वाटत होतं, आईला समोर बाई दिसेल आणि धक्का बसेल. हिला भीती होती की आईला बाई दिसणारच नाही. पट्टी सुटेल, धूसर का होईना पण समोर तोच चेहरा येईल, सहा वर्षांपूर्वीचा, थोरल्या मुलाचा. आणि आई आनंदानं म्हणेल, "अरे, आलास!" तिचा काही दोष नसेल. डोळे कानांचं ऐकत नाहीत.

"मी आंधळी आहे रे," बाहेरून आईचा आवाज आला, "बहिरी नाही. इकडं या दोघं."

दोघं गेली. आई पलंगावर ताठ बसली होती. केस तिनं स्वतःच विंचरून घेतले होते, भांग वाकडा आला होता.

"आई, तू सांग हिला... ह्याला," धाकटा म्हणाला. "तुला चालणार आहे का?"

आईनं हात पुढं केला, थोरलीचा हात शोधला, वार्निशनं खरखरीत झालेली बोटं एकेक करून दाबली.

"मी खोटं कशाला बोलू? बघितल्यावर मला काय वाटेल, ते मला आत्ता नाही सांगता यायचं. तुझा चेहरा माझ्या मनात आहे तो शेवटचा बघितलेला. तो पुन्हा दिसला की जीभ कुठं घसरेल, काय सांगू?" ती थांबली. "पण येऊ नकोस असं माझ्या तोंडून निघणार नाही. एवढंच."

'एवढंच' हे थोरलीला पुरेसं होतं की नव्हतं, हे तिला कळेना. तिनं पिशवी भरली. दोन गाऊन, टॉवेल, कंगवा, औषधाच्या जुन्या चिठ्ठ्या. आईची चप्पल तिच्या पायात घातली. जाता जाता आईचा वाकडा भांग सरळ केला.

जिना उतरताना आई मधे, दोन बाजूंना दोघं. "दोन पायऱ्या राहिल्या," थोरली म्हणाली. "आता एक." कोपऱ्यावर बेकरीवाला हातगाडी घेऊन येताना दिसला. "कॉइलवाले, मोटर झाली ना?" त्यानं लांबूनच विचारलं. "झाली! टेबलावरच आहे," तिनं तळातल्या आवाजात उत्तर दिलं. धाकटा तिच्याकडं बघतच राहिला. आत एक आवाज, बाहेर एक! दिवसातून किती वेळा ही असा आवाजाचा जिना चढ-उतर करत असेल, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं. किंवा नुसती घाईही असेल.

आईला मागच्या सीटवर बसवलं. पट्टा लावला. आईनं काचेतून हात बाहेर काढला, तो थोरलीनं आत ठेवला. दार लावून ती धाकट्याच्या खिडकीशी आली. भाड्याच्या गाडीवाल्यानं गाडी सुरू केली होती.

"दादा, येणारच असशील," धाकटा पुढं बघत म्हणाला, "तर निदान शर्ट-पँटमध्ये ये. हॉस्पिटल आहे ते. माझी बायको असेल, मुलगी असेल."

"शर्टच घालीन. रोज घालतेच की."

'घालते' त्यानं ऐकलं. मान हलवली, पण काच वर केली नाही.

"आणखी काही?" त्यानं विचारलं. "बारा वाजायच्या आत पोचायचंय."

थोरलीनं खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"उद्या दहाच्या आधी मी दारात येईन. आईच्या डोळ्यांवर तेव्हा पट्टी असेल. कोण आलंय, ते तिला तूच सांगशील. ताई म्हण असं मी म्हणत नाही, तुझ्या तोंडात बसलंय ते दादाच राहू दे. फक्त पट्टी सुटायच्या आधी तिच्या कानावर एवढं घाल. 'दादा आला' म्हणू नकोस. 'दादा आली' म्हण."