धबधब्यावर मारलेली हाक

मेडशीच्या मागच्या डोंगरातून एक नाला उतरतो. सात-आठ दगडी पायऱ्यांवरून उड्या घेत तो खाली डोहात पडतो. कडेने पायवाट जाते. हल्ली पावसाळ्यात रविवारी अकोला-वाशीमकडची माणसं जाड बूट घालून तिथं चढायला येतात. त्यांना वाट दाखवायला आमचे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, जातात. त्यांना बोलायची भारी हौस.

मी मात्र त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, दोन्ही घरांचं अंगण एक, पण धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत. काही सांगायचं असलं की मी जावेला सांगते, ती त्यांना सांगते. जाऊ घरी नसली तर ते काम तसंच राहतं. मला मुळातच बोलायची भीड, त्यामुळे ही रीत माझ्या सोयीचीच होती.

त्या रविवारी मी आणि जाऊ धबधब्याच्या वरच्या अंगाला भाजीसाठी वेलांवरचे कटुले तोडत होतो. तेवढ्यात नाल्याच्या समोरच्या काठाने भासरे पाच-सहा जणांना घेऊन वर आले. त्यांच्याकडे तोंड करून हातवारे करत ते काहीतरी सांगत होते, आणि सांगता सांगता एकेक पाऊल मागे टाकत होते. मागे शेवाळलेला दगड होता. वाहत्या पाण्यात पाय टिकतो, पण त्या दगडावर आमची बकरीसुद्धा जात नाही. त्याच्याखाली दोन पुरुष खोल कडा.

जाऊ झुडपापलीकडे वाकलेली होती. तिला सांगेपर्यंत ते गेलेच असते.

"ओ भाऊजी! थांबा! मांगं शेवाळ हाय, हलू नका!"

ते जागीच थांबले. टाच दगडाला लागली होती. हळूच पुढे आले, वळून खाली पाहिलं आणि मटकन बसले.

जाऊ धावत आली. नवरा धड आहे हे बघितल्यावर माझ्याकडे वळली. "अवं माय! एकोणीस वर्सं मले निरोप सांगाले लावले, अन् आज एकदम वरडलीच?"

"काय करू बाई, तुमी कटुल्यात घुसल्या होत्या."

ती माणसं हसायला लागली. मीही पदर तोंडाला लावून हसले.

भासऱ्यांनी बायकोला म्हटलं, "सांग तिले..." आणि मध्येच थांबले. मग माझ्याकडेच बघून म्हणाले, "पोरी, वाचलो मी. आता कुठून पलीकडं जाऊ?"

"पाण्यातून या. काठानं नका येऊ."

सगळ्यांनी बूट हातात घेतले. भासरे पुढे. नेहमीची वाट, तरी दर पावलाला विचारत होते, "इथं ठेवू पाय?"

"हो."

"अन् इथं?"

"हो."

पलीकडे पोचेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.